वायफायचं लॉगिन पान उघडत नाही? व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस न काढता करायचे उपाय

तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते: "वायफाय जोडलेलं दिसतंय, सिग्नल पूर्ण आहे, पण काहीच उघडत नाही." वायफायच्या चिन्हावर छोटं उद्गारचिन्ह असतं. व्हीपीएनचं (आपली सगळी वाहतूक कूटबद्ध वाटेने नेणारं) ॲप 'कनेक्टिंग'वर अडकलेलं असतं. ओटीपी मागणारं पान येतच नाही, आणि आलंच तर कोरं पांढरं येतं. ब्राउझरमध्ये कुठलाही पत्ता टाका, एक तर साइट सापडत नाही म्हणतो, नाहीतर कनेक्शन सुरक्षित नाही असा लाल इशारा देतो. शेजारी बसलेल्या माणसाच्या साध्या फोनवर मात्र तेच वायफाय सुरळीत चाललेलं असतं. मग सल्ला मिळतो, "ते व्हीपीएन वगैरे काढून टाक."

हा सल्ला लागू पडतो, आणि त्याचं नुकसानही तिथेच आहे. घाईत काढलेलं व्हीपीएन नंतर परत बसवलं जात नाही, बंद केलेलं प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता कूटबद्ध वाटेने विचारायची सोय) महिनोन्महिने बंदच राहतं. ज्या सार्वजनिक जाळ्यावर संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तिथेच माणूस उघडा पडतो. म्हणून इथे काही काढायला सांगत नाही. नेमका कुठला थर अडवतोय ते ओळखायचं, लॉगिनपुरता तेवढाच बाजूला करायचा आणि काम झालं की लगेच परत लावायचा.

नेमकं अडतं कुठे

अशा वायफायला जोडल्यावर लगेच इंटरनेट मिळत नाही. मधे एक दरवाजा-यंत्रणा असते, तिला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. तुम्ही कुठल्याही साइटचं नाव विचारलं तरी ती यंत्रणा ती विनंती मधेच पकडते आणि त्या साइटऐवजी स्वतःचं लॉगिन पान पुढे करते. म्हणजे लॉगिन होईपर्यंत हे जाळं तुम्हाला मुद्दाम खोटं उत्तर देतं. आणि खोटं उत्तर स्वीकारायचं नाही, यासाठीच तर आपण प्रायव्हेट डीएनएस, व्हीपीएन आणि एचटीटीपीएस (साइटशी थेट कूटबद्ध जोडणी) वापरतो. दोन्ही बाजू आपापलं काम चोख करतात, म्हणून गाडी अडते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड नसतो.

फोनला पोर्टल असल्याचं कळतं कसं, हेही समजून घ्या, कारण पुढचे अर्धे उपाय त्यावर उभे आहेत. जोडणी झाल्या झाल्या अँड्रॉइड गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर साधी, कूटबद्ध नसलेली विनंती पाठवतो. उत्तरात २०४ हा क्रमांक आला, म्हणजे मजकूर काहीच नाही, तर वाट मोकळी आहे. दुसरं काही आलं तर मधे कोणीतरी बसलंय, म्हणून 'वायफायमध्ये साइन इन करा' अशी सूचना येते. आयफोन ॲपलच्या एका पानावर 'सक्सेस' हा शब्द शोधतो. विंडोजची आणि फायरफॉक्सची अशीच स्वतंत्र चाचणी आहे. ही चाचणी व्हीपीएनमध्ये किंवा डीएनएसच्या गाळणीत अडकली, की पोर्टल आहे हेच यंत्राला कळत नाही आणि सूचना येत नाही.

आपल्याकडे हे पान ओटीपी का मागतं, त्यामागे मुंबई परिसरातलीच घटना आहे. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता, त्यानंतरचा आणखी एक ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जाळ्यावरून. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या, की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवावी: मोबाइलवर आलेल्या कोडने किंवा फोटो ओळखपत्राने. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल (रेल्वेची दूरसंचार कंपनी) आणि गूगलचं स्टेशन वायफाय सुरू झालं, तेव्हापासून हे ओटीपीचं पान लाखो प्रवाशांच्या सवयीचं झालं. २०२० मध्ये गूगलने आपला कार्यक्रम आवरता घेतला, रेलटेलची सेवा पुढे चालू राहिली. तेव्हा तुमची ओळख या जाळ्याला कळणारच, व्हीपीएन ती लपवत नाही. लॉगिननंतर तुम्ही कुठे जाता, काय पाहता, ते लपवणं एवढंच व्हीपीएनचं काम आहे, आणि ते महत्त्वाचं आहे.

आधी दोन मिनिटं चाचणी करा

एकदम सगळं बंद करू नका. वायफायच्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' या नावाखाली एक पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा. तो ब्राउझरमध्ये टाका, समोर एचटीटीपी लावून, 'एस' नसलेलं. लॉगिन पान उघडलं, पण नावाने साइट उघडत नसेल, तर अडचण डीएनएसमध्ये आहे. या पत्त्यावरही काहीच हललं नाही, तर बहुतेक वेळा व्हीपीएनचं कुलूप अडवतंय. काही ठिकाणी पोर्टल गेटवेवर नसतंच, दुसऱ्याच यंत्रावर असतं, त्यामुळे ही चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही. पण दिशा कळते.

दुसरी चाचणी: 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' (neverssl.com) ही साइट उघडा. ती मुद्दाम एचटीटीपीएस न वापरता ठेवलेली आहे, म्हणून पोर्टलला ती सहज पकडता येते. जीमेल किंवा बँकेची साइट उघडून पोर्टलची वाट बघण्यात अर्थ नाही. त्या साइट एचटीटीपीएसशिवाय उघडायच्याच नाहीत असं ब्राउझरला आधीपासून माहीत असतं, त्यामुळे मधे घुसलेलं पान तो दाखवणार नाही. तिथे आलेला लाल इशारा ओलांडायचा प्रयत्नही करू नका.

प्रायव्हेट डीएनएस

सर्वांत जास्त फोन इथे अडतात. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, प्रायव्हेट डीएनएसची सोय आहे. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क आणि इंटरनेट'खाली ती मिळते, सॅमसंगमध्ये 'कनेक्शन्स'च्या आत 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'मध्ये. तिच्यात तीन पर्याय असतात: बंद, ऑटोमॅटिक, आणि ठरावीक सेवेचं नाव. जाहिराती रोखण्यासाठी आपण बहुतेक जण तिसरा पर्याय निवडून ॲडगार्ड किंवा नेक्स्टडीएनएसचा पत्ता टाकतो. हा पर्याय कडक आहे: तोच सर्व्हर मिळाला तर नावं सोडवायची, म्हणजे नावावरून पत्ता शोधायचा, नाहीतर काहीच नाही. आणि लॉगिनआधी पोर्टल त्या सर्व्हरपर्यंत पोचू देत नाही.

अँड्रॉइडची स्वतःची साइन-इनची छोटी खिडकी प्रायव्हेट डीएनएसला बगल देईल अशीच बनवलेली आहे. म्हणून पहिला नियम: सूचना आली तर तिच्यावरच टॅप करा आणि सगळं त्या खिडकीतच पूर्ण करा. ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेलात की ती खिडकी कधी कधी बंद होते, मग माणूस क्रोम उघडतो आणि तेच पान तिथे शोधतो. क्रोमला ती बगल मिळत नाही, त्यामुळे तिथे पान येत नाही. ओटीपी वरच्या सूचनापट्टीतच वाचा.

खिडकी आलीच नाही, तर प्रायव्हेट डीएनएस 'बंद' करण्याऐवजी 'ऑटोमॅटिक' करा. यात फोन जाळ्याच्या स्वतःच्या डीएनएसकडे आधी कूटबद्ध जोडणी मागतो, नाही मिळाली तर साधी वापरतो. पोर्टलसाठी एवढं पुरतं. आणि परत लावायचं राहून गेलं तरी निदान पूर्ण बंद अवस्थेत फोन राहत नाही. मी घरच्यांच्या फोनवर हाच मार्ग शिकवतो. लॉगिन झालं की परत तिसऱ्या पर्यायावर टॅप करा, टाकलेला पत्ता बहुतेक फोनमध्ये तसाच जपलेला असतो.

पांढऱ्या पानाचं कोडं याच खात्यातलं. एका लॉजच्या वायफायवर पान यायचं, लॉजचं चिन्ह दिसायचं, नंबर टाकायची चौकटही दिसायची, पण 'पुढे' हे बटण दाबलं तरी काही व्हायचं नाही. त्या बटणामागची स्क्रिप्ट एका जाहिरात-मोजणीच्या सर्व्हरवरून येत होती आणि जाहिरात रोखणारं डीएनएस त्या नावाला ०.०.०.० असं, म्हणजे पत्ताच नाही असं, उत्तर देत होतं. पान अर्धंच जिवंत होतं. डीएनएस 'ऑटोमॅटिक' करून तेच पान पुन्हा उघडलं की बटण चालायचं. ब्राउझरमधल्या जाहिरात-रोधक विस्तारामुळेही अगदी हेच होतं, तेव्हा तेवढ्या पानापुरता तो थांबवा.

व्हीपीएन

इथे 'किल स्विच' हा शब्द लक्षात ठेवा. व्हीपीएन तुटलं तर सगळी वाहतूक अडवायची, हे त्याचं काम. अँड्रॉइडमध्ये तीच गोष्ट 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन'खालच्या 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा' या खटक्याने होते. मुलवाड या व्हीपीएन सेवेच्या ॲपमध्ये तिला लॉकडाउन मोड म्हणतात. पोर्टलच्या आत व्हीपीएनला आपला सर्व्हर गाठता येत नाही, आणि किल स्विच पोर्टल गाठू देत नाही. दोन्हीकडून कोंडी.

क्रम असा ठेवा. आधी विमान मोड लावा. मग ईमेल, क्लाउड, व्हॉट्सॲप अशी पार्श्वभूमीत बोलणारी ॲप बंद करा, निदान सिंक थांबवा. त्यानंतर किल स्विच आणि व्हीपीएन बंद करा, वायफाय लावा, फक्त पोर्टलचं पान उघडा, ओटीपी टाका. विमान मोडमध्ये एसएमएस येणार नाही, म्हणून नंबर टाकायच्या वेळी तो काढावा लागेल; मोबाइल डेटा मात्र बंदच राहू द्या, नाहीतर फोन त्यावर पळतो आणि पोर्टलची चाचणी गोंधळते. 'जोडले गेले' असं दिसताक्षणी व्हीपीएन लावा आणि किल स्विच परत चढवा. घाई इथेच करायची. विमान मोडचा हा द्राविडी प्राणायाम कशाला असं वाटेल, पण व्हीपीएन बंद केल्या क्षणी डझनभर ॲप एकदम बाहेर धावतात, ते यामुळे टळतं.

काही जण स्प्लिट टनेलिंग वापरतात: एक वेगळा, कुठल्याही खात्यात लॉगिन नसलेला ब्राउझर व्हीपीएनबाहेर ठेवतात आणि पोर्टल त्यातच उघडतात. मला हा मार्ग आवडतो, बाकी सगळं झाकलेलं राहतं. पण अँड्रॉइडचा 'व्हीपीएनशिवाय ब्लॉक करा' खटका चालू असेल तर बाहेर ठेवलेल्या ॲपलाही जाळं मिळत नाही. एवढा एक खटका काढावाच लागतो. ॲपमध्ये 'लोकल नेटवर्क शेअरिंग' किंवा तशाच नावाचा पर्याय असेल तर तोही बघा. पोर्टल बहुधा जाळ्यातल्याच खासगी पत्त्यावर असतं आणि हा पर्याय बंद असला की व्हीपीएन ॲप तेवढंही जाऊ देत नाही.

वायरगार्ड (व्हीपीएनची एक पद्धत आणि तिचं ॲप) वापरणाऱ्यांची एक हमखास फसगत. त्याचं बटण चालू केलं की ते 'चालू' दाखवतं, पलीकडे कोणी उत्तर दिलं की नाही याची वाट न बघता. म्हणून लोक म्हणतात, "व्हीपीएन तर जोडलंय, मग नेट का नाही?" ॲपमध्ये 'लेटेस्ट हँडशेक' (पलीकडच्या सर्व्हरने शेवटचं उत्तर कधी दिलं) ही ओळ शोधा. ती नसेल आणि आलेला डेटा शून्य असेल, तर काहीच जोडलेलं नाही, पोर्टल अजून बाकी आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलवाडने दाखवून दिलं होतं, की हा कडक खटका चालू असतानाही अँड्रॉइडची जोडणी-चाचणी व्हीपीएनच्या बाहेरून जाते. गोपनीयतेच्या दृष्टीने ही गळतीच आहे आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. पण कुलूप लावलेल्या फोनवरही कधी कधी साइन-इनची सूचना दिसते, ती या वाटेनेच. ग्राफीनओएस या गोपनीयतेवर भर देणाऱ्या अँड्रॉइड-आवृत्तीत ही चाचणी पूर्ण बंद करता येते. तुम्ही ती बंद केली असेल तर सूचना कधीच येणार नाही, गेटवेचा पत्ता हाताने टाका.

लॅपटॉप

फायरफॉक्स पोर्टल ओळखलं की वर पट्टी दाखवतो आणि लॉगिन पान उघडायचं बटण देतो. त्याच्या सुरक्षित डीएनएसमध्ये 'मॅक्स प्रोटेक्शन' निवडलेलं असेल तर तो साध्या डीएनएसकडे वळत नाही, तेव्हा लॉगिनपुरतं 'डिफॉल्ट'वर आणा. 'एचटीटीपीएस-ओन्ली'चा इशारा आला तर पोर्टलच्या पानासाठी पुढे जायला हरकत नाही, कारण तिथे आपण फक्त ओटीपी देणार आहोत. क्रोममध्येही सुरक्षित डीएनएससाठी ठरावीक सेवा निवडलेली असेल तर तीच अडचण येते.

लिनक्सवर बरेचदा डीएनएस हाताने ठोकून बसवलेलं असतं. ९.९.९.९ किंवा १.१.१.१ लिहून ठेवलेलं, आणि पोर्टल लॉगिनआधी बाहेरचं डीएनएस जाऊ देत नाही. त्या जोडणीपुरतं डीएचसीपीने, म्हणजे जाळ्याने आपोआप, दिलेलं डीएनएस घ्या. सिस्टमडी-रिझॉल्व्ड या लिनक्सच्या डीएनएस सेवेत डीएनएस-ओव्हर-टीएलएस (कूटबद्ध डीएनएस) 'यस' असेल तर 'ऑपॉर्च्युनिस्टिक' करा. १.१.१.१ बद्दल आणखी एक: क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०१८ ला त्यावर डीएनएस सेवा सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून सिस्कोच्या वायफाय कंट्रोलरवर तो पत्ता पोर्टलसाठी सर्रास वापरला जाई. जुनी मांडणी असलेल्या हॉटेलांत तो अजून पोर्टलकडेच जाऊ शकतो. तिथे लॉगिननंतरही तुमचं डीएनएस मुकं राहिलं, तर दुसरी सेवा लावून पाहा.

टेल्स (ओळख लपवण्यासाठीची, सगळी वाहतूक टॉर या निनावी जाळ्यातून नेणारी प्रणाली) वापरणाऱ्या पत्रकार-कार्यकर्त्यांसाठी वेगळी सोय आहे. टॉर पोर्टल ओलांडू शकत नाही, म्हणून टेल्समध्ये 'अनसेफ ब्राउझर' दिलेला आहे. तो टॉरमधून जात नाही आणि फक्त या लॉगिनसाठीच आहे. त्यात दुसरी एकही साइट उघडू नका, लॉगिन झालं की बंद करा, मगच टॉर जोडा. आणि मोबाइल नंबर देऊन केलेलं लॉगिन तुमच्या नावाशी जोडलेलं राहतं; तुमचं काम तसं नाजूक असेल तर असलं वायफाय वापरूच नका.

काल लॉगिन केलं होतं, आज परत का?

वारंवार येणाऱ्या त्रासाचं कारण बहुधा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा जाळ्यावरचा ओळख-पत्ता, असतो. पोर्टल तुम्हाला नावाने ओळखत नाही, यंत्राच्या त्या पत्त्याने ओळखतं. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन खऱ्या पत्त्याऐवजी बनावट पत्ता देतात. अँड्रॉइड सहसा एका जाळ्यासाठी एकच बनावट पत्ता कायम ठेवतो, त्यामुळे अडत नाही. आयओएस १८ मध्ये मात्र पासवर्ड नसलेल्या जाळ्यासाठी 'रोटेटिंग' हा पर्याय आपोआप असतो आणि पत्ता सुमारे दोन आठवड्यांनी बदलतो. ग्राफीनओएस तर प्रत्येक जोडणीला नवा पत्ता देतं. पोर्टलच्या दृष्टीने प्रत्येक वेळी नवा माणूस, नवा ओटीपी. मोफत मिनिटांची किंवा उपकरणांची मर्यादा असेल तर तीही अशी लवकर संपते.

वसतिगृह, कचेरी, वाचनालय अशा रोजच्या जाळ्यासाठी आयफोनवर 'फिक्स्ड', ग्राफीनओएसवर 'पर-नेटवर्क', लिनक्सच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये 'रँडम'ऐवजी 'स्टेबल' निवडा. खरा पत्ता तरीही झाकलेला राहतो. तो पूर्ण उघडा करायला वसतिगृहाचे लोक सांगतात, त्याची गरज क्वचितच असते. तुमचा पत्ता बनावट आहे का हे बघायचं असेल तर त्यातलं दुसरं अक्षर पाहा: २, ६, ए किंवा ई असेल तर बनावट.

दुसरं कारण मुदत. स्टेशनवर मोफत वेळ संपली, किंवा फोन खिशात बराच वेळ निजला, की पोर्टल दार लावतं. व्हीपीएनला वाटतं जाळं तुटलं, किल स्विच सगळं अडवतं आणि सूचना येत नाही. वायफाय बंद करून परत लावा, म्हणजे चाचणी नव्याने होते, आणि वरचाच क्रम पुन्हा करा.

पान खरं आहे ना?

स्टेशनच्या नावाचंच वायफाय कोणीही आपल्या फोनवरून उभारू शकतं. पोर्टलने मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणं रीतीचं आहे. ईमेलचा पासवर्ड, आधार क्रमांक, यूपीआय पिन मागितला, किंवा एखादं ॲप वा सर्टिफिकेट बसवायला सांगितलं, तर तिथेच सोडा. सर्टिफिकेटला तर कधीच होकार देऊ नका, त्याने तुमची एचटीटीपीएस वाहतूकसुद्धा उघडून वाचता येते. आलेल्या एसएमएसमध्ये दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर तो ओटीपी वायफायचा नाही.

लॉगिन झालं, तरी व्हीपीएन जोडलं जात नाही

आता अडथळा पोर्टलचा नाही. बरीच सार्वजनिक जाळी यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत; दुसरी टीसीपी) किंवा अनोळखी पोर्ट (वाहतुकीची क्रमांकित दारं) बंद ठेवतात. वायरगार्ड यूडीपीवरच चालतं, म्हणून आधी तेच पडतं. ॲपमध्ये टीसीपी आणि ४४३ पोर्ट निवडता येत असेल तर निवडा. मुलवाडमध्ये 'ऑब्फस्केशन', प्रोटॉनमध्ये 'स्टेल्थ' याच कामासाठी आहेत. प्रायव्हेट डीएनएसचा सर्व्हर मिळत नाही अशी सूचना येत राहिली, तर ८५३ हा पोर्ट बंद असतो. मग ४४३ वरून चालणारं डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस ब्राउझरमध्ये लावा, किंवा व्हीपीएन जोडा, म्हणजे नावंही त्याच्याच आतून सोडवली जातील. व्हीपीएन जोडलं जातं, हँडशेकही दिसतो, पण पानं अर्धवट उघडून थांबतात, असं असेल तर वायरगार्डचा एमटीयू (डेटाच्या एका पुडक्याचा कमाल आकार) १४२० वरून १२८० करून पाहा.

एवढं करूनही व्हीपीएन उभं राहिलं नाही, तर ते जाळं व्हीपीएन चालूच देत नाही असं धरून चाला आणि मोबाइल डेटावर या. परदेशी सिम घेऊन आलेल्यांना ओटीपीच मिळत नाही, अशी तक्रार पुष्कळ येते. काही मोठ्या विमानतळांवर पासपोर्ट दाखवून वायफायचं कूपन मिळतं, तेवढं चौकशी करून घ्या. स्टेशनवर बहुधा सोबतच्या माणसाचा हॉटस्पॉटच बरा पडतो: त्याला पोर्टल नसतं, आणि व्हीपीएन पहिल्या फटक्यात लागतं.